रविवारचं तेल

सुलोचनाबाईंचा तेलानं ओला तळवा गुलाबच्या टाळूवर टेकला मात्र, पितळेची वाटी ओसरीच्या पार त्या टोकाला जाऊन आदळली.

गुलाब ओरडली नाही. बसल्या जागी ती घडी घातल्यासारखी मिटली. गुडघे छातीशी, कपाळ गुडघ्यांत आणि दोन्ही हात मानेमागं एकावर एक. इतकं सराईत, की हे तिला कोणीतरी घोटून घोटून शिकवलं असावं. ओठांतल्या ओठांत एकच चालू होतं.

"नाई करत, सिस्टर. आता नाई करत. नाई करत."

मग तिच्या साडीखालून पाण्याचा एक ओघळ निघाला, फरशीच्या उतारानं हळूहळू गेला आणि सांडलेल्या तेलाला मिळाला.

सुलोचनाबाई हात तसाच उचललेला धरून उभ्या. बोटांवरून खोबरेल ठिबकत होतं. थंडी पडली की बाटलीत तेल थिजतं, म्हणून सकाळपासून त्यांनी बाटली उन्हात ठेवली होती. तेलात मेथीदाणा घातला होता, वाटी चुलीजवळ धरून कोमट केली होती. मुलीचं लग्न झाल्यापासून त्यांनी कोणासाठी तेल कोमट केलं नव्हतं.

"अवं बाई, मागून कायले गेल्या?" बेबीताई खांबाला टेकून म्हणाली. ती या घरातली सगळ्यांत जुनी, आणि तिचं तोंड तिच्याहून जुनं. "मांजरीले हात लावाचा तरी मानूस पहिले आवाज देते."

सुलोचनाबाईंनी खाली वाकून गुलाबला धरायला हात पुढं केला, आणि निम्म्यातच मागं घेतला. काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी त्या पोछा आणायला आत गेल्या.

नालवाडीच्या टोकाला, जिथं वस्ती संपते आणि तुरीची शेतं लागतात, तिथलं ते बैठं घर. मनाच्या आजारातून बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या पाच बायका तिथं राहत. दाराला आतून कडी होती, बाहेरून नव्हती. सुलोचनाबाई त्या घराच्या काळजीवाहक. स्वयंपाक, औषधं, दुखणंखुपणं, रुसवेफुगवे, सारं त्यांच्याकडं. राहायला दोन गल्ल्या पलीकडं एक खोली होती. रविवार सुटीचा. पण रविवारीच त्या सगळ्यांत लवकर येत, आणि सुटीच्या दिवशी का येता, असं त्यांना अजून कोणी विचारलं नव्हतं.

गुलाब बारा दिवसांपूर्वी आली होती. मूळची समुद्रपूरकडची. अकरा वर्षं एका दवाखान्यात काढलेली. ताटांचा आवाज झाला की ती उठून भिंतीशी उभी राही आणि ओंजळ पुढं करी. दारातून आत येताना दोन्ही हात वर करी, झडती द्यायला. केस बारीक कापलेले, जेमतेम दोन बोटं वाढलेले, ठिकठिकाणी कमी-जास्त. ते केस पाहून सुलोचनाबाईंच्या जिवाला पीळ पडला होता. बाईच्या जातीचं डोकं असं उजाड, आणि त्यावर कोणाचा हात नाही. आयबायांनी केलं असतं तेच त्यांनी केलं.

सोमवारी नंदिनी आली. वर्ध्याहून स्कुटीवर येणारी ही समुपदेशक सुलोचनाबाईंच्या मुलीच्या वयाची. हेल्मेट काढता काढताच तिनं सगळं ऐकून घेतलं. गुलाब खोलीबाहेर आली नव्हती. जेवणही तिनं उंबऱ्यावर ठेवलेल्या ताटातलं खाल्लं होतं, तेही कोणी बघत नसताना.

"विचारलं होतंत तिला?"

"काय विचारायचं?"

"तेल लावू का म्हणून."

सुलोचनाबाईंना आधी हसू आलं, मग राग आला.

"माय लेकराच्या डोक्यावर हात ठेवते, तं विचारून ठेवते काय मॅडम? विचारून केली ते काय माया झाली? पाहुण्याले विचारतेत, चहा घेता का म्हणून. घरच्याले कोनी विचारत नाई."

नंदिनी सुलोचनाबाईंच्या समोर, जरा बाजूला, दाराची वाट मोकळी ठेवून बसली. ती नेहमीच अशी बसे.

"ताई, हात मायेचाच होता. पण तिच्या मानेला ते कसं कळावं? अकरा वर्षं मागून आलेला हात तिला धरायलाच आला. केस कापायला, सुई टोचायला, आत ढकलायला. हात तुमचा होता, पण मानेनं जुनाच ओळखला."

सुलोचनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मंग आता?"

"आता विचारायचं. समोरून. आणि ती नाही म्हणाली तर बरं म्हणायचं. तोंडदेखलं नाही, खरंच बरं."

"अन् कधीच हो नाई म्हनलं तं?"

"तर वाटी तुमच्याजवळ राहील."

जाताना नंदिनी दारात थांबली. गुलाबला इथं ठेवून पाहायची तीन महिन्यांची मुदत होती, याची तिनं आठवण करून दिली. माघात डॉक्टर येऊन गुलाबला स्वतःला विचारतील, कुठं राहायचं म्हणून. तिनं इथं राहायचं असं तोंडानं सांगितलं तर ठीक. ती अशीच मुकी मिटून राहिली, तर इथं तिचा जम बसला नाही असं धरून परत पाठवतील.

"परत म्हंजे तिथं?"

"तिथंच. दुसरं कुठंय?"

त्या संध्याकाळी सुलोचनाबाई गुलाबच्या खोलीसमोर गेल्या आणि उंबऱ्याच्या बाहेर मांडी घालून बसल्या. दार उघडंच होतं. गुलाब खाटेच्या कडेवर बसली होती, खाट आपली नसल्यासारखी.

"गुलाब, मी सुलोचना. समोरच बसली आहो. आत येत नाई." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी दिवसभर मनात घोळवलं होतं, तरी जिभेवर जड झालं. "काल माही चूक झाली. मी विचारलं नाई. तू घाबरली ते तुही चूक नोहे. माही."

पंख्याच्या पात्यावरची धूळ हलली नाही, गुलाबचा पदरही हलला नाही.

"बरं. मी इथंच बसून आहो थोडा वेळ."

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा तेल उन्हात ठेवलं. वाटी ओसरीच्या मधोमध ठेवली, आणि स्वतः भिंतीला पाठ लावून सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची हिरवी जुडी निवडायला बसल्या. गुलाब खोलीच्या दारात आली, तेव्हा त्यांनी वर पाहून विचारलं.

"गुलाब, तेल लावू काय?"

गुलाब चौकटीला धरून उभीच राहिली.

"बरं," असं म्हणून त्यांनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं.

असे रविवार गेले. तेच ऊन, तीच वाटी, तोच प्रश्न. मार्गशीर्षात थंडी वाढली, तेल वाटीत पांढरं धरायला लागलं. सुलोचनाबाई ते उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकवत नेत. हात कामात आणि ओठांवर आईकडून आलेली जात्यावरची चाल. शब्द मात्र कधी आईचे, कधी त्यांचेच जुळलेले.

लेक गेली दूर देशा, दार उघडं राहिलं,
येता जाता वाऱ्यानं ग, तिचं नाव विचारलं.

"ह्या गान्यानं तं तेल अजून थिजते," बेबीताई म्हणे. "काही नाचाचं म्हना ना जी."

मुलगी शाल्मली बंगळूरला होती. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवते आई, उद्या लवकर उठायचंय. फोन ठेवल्यावर सुलोचनाबाई खोलीत भिंतीशी बसून एकटीचं ताट वाढून घेत. समोरच्या भिंतीवर नवऱ्याचा, प्रभाकररावांचा, हार घातलेला फोटो. जाऊन सहा वर्षं झाली होती. कचेरीत नाव होतं, गल्लीत मान होता. प्रभाकररावांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही, असं शेजारीपाजारी अजून सांगत. सुलोचनाबाई मान हलवत. ते खरंच होतं.

पाचव्या रविवारी सुलोचनाबाईंनी विचारलं, "गुलाब, तेल लावू काय?" आणि गुलाब खोलीच्या दारातून म्हणाली,

"नाई."

स्पष्ट. ‘सिस्टर’ नाही, ‘नाई करत’ नाही. नुसतं नाई.

सुलोचनाबाईंच्या हातातली जुडी सुटली. "बरं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन नंदिनीला फोन लावला. रविवार असूनही नंदिनी अर्ध्या तासात आली. येताना पावशेर पेढे घेऊन आली.

"हे काय वं?" बेबीताईनं पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं. "पोरीनं तोंडावर नाई म्हनलं, अन् या दोघी पेढे वाटून राह्यल्या! माह्या सासरी मी नाई म्हनलं होतं, तं मले झाडू भेटला होता."

गुलाब दारात उभी राहून हे ऐकत होती. तिनं पेढा हातात घेतला नाही. पण पेढ्याची पुडी कठड्यावर ठेवली, तेव्हा थोड्या वेळानं पुढं आली आणि स्वतःच्या हातानं एक उचलला.

त्या दिवसापासून ती ओसरीवर बसायला लागली. वाटीच्या पल्याड ती, अल्याड सुलोचनाबाई. मध्ये उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं घमेलं. दाणे ताटलीत, टरफलं बाजूला. दारातून आत येताना तिचे हात आता खांद्यापर्यंतच उचलत आणि आठवण झाल्यासारखे खाली येत. केस चार बोटं झाले होते. ती फार बोलत नसे, पण बघे. सगळं बघे.

एकदा तिनं विचारलं, "ताई, तुमचा अंबाडा कदी सुटत नाई काय?"

"सुटत नाई," बेबीताईनंच उत्तर दिलं. "मी मोजल्या आहे. सात पिना! अंबाडा हाये का बँकेची तिजोरी?"

सगळ्या हसल्या. सुलोचनाबाईही हसल्या, आणि हात नकळत मागं जाऊन एकेक पिन चाचपून आला.

गुलाब हसली नव्हती. शेंग सोलत ती म्हणाली, "तुमी बी भिताडालेच पाठ लावून बसता. माह्यासारख्या."

"कंबर दुखते माही," सुलोचनाबाई म्हणाल्या.

गुलाबनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा शेंगेकडं पाहिलं. शेंगेत तीन दाणे निघाले.

सुलोचनाबाईंना जूनमधलं काळजीवाहकांचं शिबिर आठवलं. तिथं एक खेळ घेतला होता. एकीनं डोळे मिटून खुर्चीवर बसायचं, दुसरीनं मागं उभं राहून खांद्यावर हात ठेवायचा. त्यांची पाळी आली, तेव्हा त्या पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि खेळ संपेपर्यंत नळाशीच उभ्या राहिल्या. वहीत मात्र सगळं लिहून घेतलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या खुणा, एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात. दुसऱ्यांच्या म्हणून.

माघाच्या पहिल्या शुक्रवारी डॉक्टर आले. ओसरीवर खुर्ची टाकून बसले, कागद मांडीवर घेतला.

"गुलाब, तीन महिने झाले. पुढं कुठं राहायचं? इथं?"

सुलोचनाबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. लाटण्यावर उचललेली पोळी त्यांच्या हातातच राहिली. हो म्हण, माय. एक शब्द. त्यांनी मनातल्या मनात तो शब्द तिच्या ओठांवर ठेवून पाहिला.

गुलाबनं बराच वेळ अंगणाकडं पाहिलं. मग म्हणाली, "विचार करून सांगतो."

डॉक्टर थोडे चकित झाले. "ठीक आहे. सोमवारी येतो मी. तेव्हा नक्की सांग. पुढं ढकलता येणार नाही आता."

नंदिनीला हे फारच आवडलं. "विचार करून सांगते म्हणाली, ताई! केवढी गोष्ट आहे!"

सुलोचनाबाईंना आवडलं नाही. शनिवारभर त्यांचं लक्ष लागलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. ही पोरगी सोमवारी मिटून बसली तर. तिच्या खाटेवर दुसरी कोणी येईल. ओसरीवर वाटी राहील, ऊन राहील, आणि पल्याडची जागा रिकामी. गुलाबला विचारावं, समजवावं, हात जोडून सांगावं, असं दहा वेळा ओठांवर आलं. पण ती विचार करते म्हणाली होती. त्यावर जे म्हणायचं ते एकच होतं, आणि ते सुलोचनाबाईंनी शिकून घेतलं होतं.

रविवारी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. थंडी ओसरली होती, बाटलीत तेल पातळ झालं होतं. बाकीच्या चौघी मागच्या नळावर कपडे धुवत होत्या, बेबीताईचा आवाज सगळ्यांच्या वर. ऊन आता भिंतीकडून सरकून पायरीवर आलं होतं. सुलोचनाबाई वाटी ओसरीवर ठेवून पायरीवर जाऊन बसल्या. तूर कापून नेलेलं शेत समोर उघडं पडलं होतं. लांबून वर्ध्याकडच्या गाडीची शिट्टी आली आणि विरली. ओसरीकडं आपली पाठ झाली आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

मागं पावलं वाजली.

सुलोचनाबाईंचे खांदे कानांपर्यंत वर आले. हात कधी मानेमागं गेला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पावलं थांबली. मग ती पावलं वळली, पायरीच्या कडेनं, त्यांच्यापासून हातभर लांबून, खाली अंगणात उतरली आणि समोर आली. गुलाब उभी होती, दोन्ही हातांत पितळेची वाटी धरून.

"ताई," ती म्हणाली, "तेल लावू काय?"

तळव्याची ऊब लागून वाटीतलं तेल चमकत होतं. सुलोचनाबाईंनी त्या हातांकडं पाहिलं. किती वर्षं झाली होती. शेवटचा हात शाल्मलीचा, तिच्या हळदीच्या आदल्या दिवशी, तोही घाईत. त्याआधी आईचा. त्या दोघींच्या मधली सव्वीस वर्षं मागून येणारा हात एकच होता. प्रभाकरराव वेणीचे दोन वेढे मुठीला देत, डोकं मागं ओढून घेत आणि कानाशी अगदी हळू बोलत. त्यांचा आवाज कधीच चढला नाही.

हो म्हणावं. रविवारामागून रविवार या वाटीला त्यांनी ऊन दाखवलं होतं, ते कशासाठी? हो म्हटलं नाही, तर ही पोरगी पुन्हा मिटेल. उद्याच्या सोमवारी मिटेल. हो हा शब्द त्यांच्या तोंडात आलाही. पण मानेमागचा हात निघेना.

"नाई," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. असा तो आयुष्यात किती वेळा बाहेर पडला होता, ते त्यांना आठवेना. "आज नाई, गुलाब."

आणि त्या वाट पाहत राहिल्या. कशाची, ते त्यांची मान जाणत होती.

"बरं," गुलाब म्हणाली.

तिनं वाटी पायरीवर ठेवली, सांडू नये म्हणून जरा आत सरकवली, आणि वाटीच्या पल्याड बसली. शेताकडं तोंड करून. मागच्या नळावर बेबीताई कोणाला तरी साबण जास्त घासते म्हणून बोल लावत होती.

"मी इथंच बसून आहो," गुलाब म्हणाली.

ऊन एक पायरी खाली उतरलं. सुलोचनाबाईंचे खांदे हळूहळू खाली आले.

"पुढच्या रविवारी विचारीन," गुलाब म्हणाली.

सुलोचनाबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. "पुढच्या रविवारी?"

"हो जी. तवाबी नाई म्हनलं, तं मंग त्याच्या पुढच्या."

शेतात दोन बगळे उतरले होते, तिकडं ती पाहत होती. सुलोचनाबाईंचा मानेमागचा हात अजून तिथंच होता. त्या हातानं त्यांनी अंबाड्यातली एक पिन ओढून काढली आणि वाटीशेजारी ठेवली. बाकीच्या सहा तशाच राहू दिल्या.